मौनास रुकार म्हणावें काय?

मौन हें संमतीचें लक्षण होय, असें एक जुनें वचन आमच्या लोकांच्या तोंडीं बसलें आहे. तें मूळचें संस्कृत आहे. परंतु ज्यांस संस्कृताचें अक्षरही ठाऊक नाहीं असे वृद्ध गृहस्थही सोयरिकीच्या बैठकींत तें मोठ्या विश्वासानें उच्चारितात. पाहुणे येतात, पोहे होतात, मुलगी मान खालीं घालून दोन घटका बसते व आंत जाते. तिला कोणी विचारीत नाहीं, तीही कांहीं बोलत नाहीं, आणि ‘पोरीच्या मनांत आहे’ असें ठरून सुपारी फुटते. बाजारांत बैल घेतांना गिऱ्हाईक त्याचे दांत पाहतें, त्याला चार पावलें चालवून पाहतें. मुलीच्या मनाची परीक्षा मात्र तिच्या न बोलण्यावरून उरकली जाते.

ह्या वचनाचा विचार आज करावयाचा तो सोयरिकीपुरताच नाहीं. स्त्रीपुरुषांच्या शरीरसंबंधांत स्त्रीची संमति होती कीं नव्हती, हें कशावरून ओळखावें, आणि कायदा तें कशावरून ओळखतो, हा आमचा प्रश्न आहे. जें पत्र घरांत मोठ्यानें वाचलें जातें त्यांत असा विषय नको, असें कित्येक वाचक म्हणतील. त्यांचा संकोच आम्ही समजूं शकतों. परंतु अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन ह्या तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांतून मुलगे व मुली आतां एस्. टी. च्या गाडीनें जालन्यास कॉलेजास जातात; हातीं मोबाईल असतो; ओळखी होतात, त्या वाढतात, आणि एखादे दिवशीं रडणारी आई किंवा संतापलेला बाप उपदेशकाच्या दारीं येऊन उभा राहतो. तेव्हां काय बोलावें व काय बोलूं नये, हें त्या उपदेशकास आधीं ठाऊक असलेलें बरें.

महाराष्ट्रांत ह्या प्रश्नावर जो सर्वांत प्रसिद्ध खटला झाला, तो एका अत्यंत गरीब मुलीच्या मौनावर झाला. म्हणून ती हकीकत जरा सविस्तर सांगतों.

ता. २६ मार्च १९७२ ची रात्र. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे आज जो भाग गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो तेथें, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीस आणण्यांत आलें. तिला आईबाप नव्हते. ती भावापाशीं राहत असे व मोलमजुरी करी. ज्या घरीं ती कामास जाई त्या घरच्या बाईच्या नात्यांतील एका तरुणाशीं तिचें मन जुळलें होतें व तीं दोघें लग्न करणार होतीं. भावास तें पटलें नाहीं. त्यानें बहिणीस पळवून नेल्याची फिर्याद दिली. डॉक्टरांच्या अंदाजानें तिचें वय चौदा ते सोळा वर्षांचें होतें. जबान्या झाल्या, रात्रीचे साडेदहा वाजले, बरोबरचीं माणसें बाहेर निघालीं. मुलीस मात्र आंत थांबविण्यांत आलें. पुढें जें घडलें त्याबद्दल एका शिपायावर बलात्काराचा व एका हेडकॉन्स्टेबलवर तिच्या अंगाशीं झोंबल्याचा आरोप आला. हें सारें होत असतां तिचीं स्वतःचीं माणसें ठाण्याच्या बाहेर उभीं होतीं.

ह्या मुलीचें नांव पुष्कळ पुस्तकांत छापलेलें आहे. आम्ही तें येथें देत नाहीं. कां देत नाहीं तें पुढें कळेल.

चांद्याच्या सेशन्स कोर्टानें ता. १ जून १९७४ रोजीं दोघांसही सोडून दिलें. मुलगी पूर्वींपासून कुमारिका नव्हती, तेव्हां झाला तो शरीरसंबंध होता, बलात्कार नव्हे, अशा आशयाचें त्या कोर्टाचें म्हणणें पडलें. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर येथील खंडपीठानें ता. १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं हा निकाल फिरविला. भीतीनें निमूट राहणें निराळें आणि राजीखुशीनें होय म्हणणें निराळें, असें सांगून त्यानें शिपायास पांच वर्षांची व हेडकॉन्स्टेबलास एक वर्षाची शिक्षा दिली. मग प्रकरण दिल्लीस गेलें. तेथें ता. १५ सप्टेंबर १९७८ रोजीं सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनीं दोघांसही निर्दोष ठरविलें. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नव्हती. आपल्या माणसांपासून आपणांस दूर नेलें जात असतां ती ओरडली नव्हती. तेव्हां तिनें झटापट केली हें खरें नव्हे, आणि झटापट नव्हती तर संमति होती, अशी ती विचारसरणी होती. म्हणजे जें वचन आमच्या सोयरिकीच्या बैठकींत बोललें जातें, तेंच निराळ्या शब्दांनीं देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टांत बोललें गेलें.

ह्या विचारसरणींत चूक कोठें आहे? विद्वान लोकांनीं ह्यावर पुष्कळ लिहिलें आहे. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनीं सावकाराच्या कागदावर आंगठा उठविला आहे, त्यांस हें समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. सावकार ओसरीवर बसे, मागें त्याचे गडी उभे असत, घरांत पोरें उपाशी असत, आणि आंगठा उठे. आंगठा उठविणाऱ्याच्या पाठीवर वळ नसत. तो ओरडलेला नसे. कागद तर अगदीं स्वच्छ असे. म्हणून त्यानें आपली जमीन राजीखुशीनें दिली, असें कोणी म्हणेल काय? ऊसतोडीच्या टोळींत ज्या घरानें उचल घेतली आहे, त्या घरच्या बाईस हीच गोष्ट आणखी जवळून ठाऊक असते. उचल फिटली नाहीं तोंवर ‘नको’ हा शब्द तिच्या तोंडून सहजीं निघत नाहीं. आणि मुकादम वाईट चालीचा असेल तर त्या न निघालेल्या शब्दाचा अर्थ तो आपल्या सोयीचा लावून घेतो.

शिवाय आमची भाषाच ह्या वचनाविरुद्ध साक्ष देते. वाचा बसली, दांतखीळ बसली, बोबडी वळली, हातपाय गळाले, पायांखालची जमीन सरकली, हे सर्व वाक्प्रचार भीतीनें माणसाचें काय होतें तें सांगण्याकरितांच झालेले आहेत. संकट समोर उभें असतां माणूस ओरडतोच किंवा लढतोच असें नाहीं. पुष्कळ वेळां तो थिजतो. भीतीच्या मौनास इतके शब्द ज्या भाषेंत आहेत, त्या भाषेच्या लोकांनीं मौनाचा एकच अर्थ शिकवावा हें नवल होय. देसाईगंजच्या त्या मुलीपुढें ज्याच्या हातीं काठी आणि किल्ली दोन्ही होतीं असा सरकारचाच माणूस होता. तिनें ओरडून कोणास बोलवावयाचें? पोलिसांस?

कायद्यास हें तत्त्व नवें होतें असेंही नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंतच लिहिलेलें होतें कीं, इजेच्या धाकानें किंवा वस्तुस्थितीविषयीं गैरसमजानें दिलेली संमति ही संमति नव्हे. १८७२ च्या कराराच्या कायद्यानें तर गाडीबैलाच्या व्यवहारास देखील मोकळ्या मनाची संमति पाहिजे, दडपण व फसवणूक असेल तर ती संमति खरी नव्हे, असें ठरवून ठेविलें होतें. उणीव पुस्तकांत कमी व वाचणाऱ्यांच्या दृष्टींत अधिक होती. गरीब बाईच्या देहाविषयीं प्रश्न निघाला म्हणजे, बैलाच्या व्यवहारांत जी सावधगिरी सुचते ती सुचेनाशी होते.

ह्या निकालास पुरतें एक वर्ष झाल्यावर, ता. १६ सप्टेंबर १९७९ रोजीं, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार ह्या कायद्याच्या चौघां अभ्यासकांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें. शरण जाणें आणि संमति देणें ह्या एक गोष्टी नव्हेत, हा त्या पत्राचा गाभा होता. १९८० सालीं ठिकठिकाणच्या शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. अखेर १९८३ सालीं कायदा बदलला. पोलीस किंवा सरकारी नोकर ह्यांच्या ताब्यांत असलेल्या बाईवर संबंध झाल्याचें सिद्ध झालें, व ‘माझी संमति नव्हती’ असें तिनें कोर्टांत सांगितलें, तर कोर्टानें तसेंच धरून चालावें, असें ठरलें. अशा खटल्याची चौकशी बंद दारांआड व्हावी असें ठरलें. आणि अशा स्त्रीचें नांव छापणें हा गुन्हा झाला. आम्हीं वर नांव दिलें नाहीं त्याचें कारण हेंच. त्या मुलीच्या स्वतःच्या प्रकरणीं मात्र कांहींच बदललें नाहीं. निकाल होता तसाच राहिला, आणि जो कायदा तिच्यामुळें झाला त्याचा उपयोग दुसऱ्यांस झाला.

पुढें दिल्लीच्या डिसेंबर १९१२ च्या नव्हे, तर २०१२ च्या भयंकर प्रकारानंतर, २०१३ सालीं संमतीची व्याख्याच कायद्यांत घालण्यांत आली. ता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमांत ती तशीच आहे. तिचा भावार्थ असा: संमति म्हणजे स्वखुशीचा, संशयास जागा न ठेवणारा होकार, तो स्त्रीनें शब्दानें, खुणेनें किंवा दुसऱ्या कोणत्याही रीतीनें कळविलेला पाहिजे, आणि तो त्या ठराविक कृतीपुरता असला पाहिजे. तिनें अंगबळानें विरोध केला नाहीं एवढ्यावरून तिची संमति होती असें धरतां येत नाहीं. जुनें वचन येथें पुरतें उलटलें. पूर्वीं प्रश्न होता, ‘ही नाहीं म्हणाली काय?’ आतांचा प्रश्न आहे, ‘ही होय म्हणाली काय?’

ह्या व्याख्येंतील ‘ठराविक कृतीपुरता’ हे शब्द तरुणांनीं नीट समजून घ्यावे, कारण त्यांचा गोंधळ येथेंच होतो. मुलगी मोबाईलवर गोड बोलली, बरोबर चहा प्याली, मोतीबागेंत फिरावयास आली, म्हणून तिनें पुढील सर्व गोष्टींस रुकार दिला असें होत नाहीं. काल दिलेला होकार आजचा होत नाहीं. पाहुण्यास ओसरीवर बसविलें म्हणजे माजघराची किल्ली दिली असें कोणी समजत नाहीं. आणि बसविलेल्या पाहुण्यास उठावयास सांगण्याचा घरधन्याचा हक्कही जात नाहीं. छायाचित्राचें उदाहरण घ्या. एखाद्या मुलीनें विश्वासानें स्वतःचा एखादा खासगी फोटो काढूं दिला, आणि त्या मुलानें तो चार मित्रांस पाठविला, तर तो गुन्हा आहे. फोटो काढण्यास ती कबूल होती ही सबब चालत नाहीं. पसरविण्यास ती कबूल नव्हती. तसेंच, नाहीं म्हटलेल्या मुलीचा पुनःपुन्हा पाठलाग करणें, तिला वारंवार फोन व निरोप पाठविणें, हाही आतां गुन्हा आहे. सिनेमांत ह्यालाच प्रीति म्हणतात. नायिका दहा वेळां नाहीं म्हणते आणि अकराव्या वेळीं हंसते. आमच्या मुलांचें निम्में शिक्षण ह्या अकराव्या वेळेनें बिघडविलें आहे.

येथें एक आक्षेप ऐकूं येतो. प्रत्येक वेळीं विचारीत बसावयाचें तर त्यांत लाज व गोडी राहिली कोठें, असें म्हणतात. आमच्या देवळांत लग्न लागतें तेव्हां पाळक वरास विचारितो, आणि मग वधूस निराळें विचारितो. दोघांनींही साक्षीदारांसमक्ष ऐकूं येईल असें उत्तर द्यावें लागतें. लाजणारी मुलगी हळू बोलते, पण बोलते. तिच्या मौनावर लग्न लागत नाहीं. त्यामुळें त्या दिवसाची गोडी कमी झाल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. रिबकेच्या कथेंतही सोयरीक ठरून गेल्यावर कां होईना, तिच्या भावानें व आईनें तिला हांक मारून, ह्या माणसाबरोबर जातेस काय, असें तिलाच विचारिलें आहे. बाप्तिस्म्याच्या वेळचा प्रश्नही असाच नव्हे काय? पोटासाठीं धर्म बदलला, असें ज्यांच्या आजोबांस गांवानें हिणविलें, त्यांस दडपणाचा होकार व मनाचा होकार ह्यांतील अंतर इतरांहून अधिक तीव्रतेनें कळलें पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मुली आधीं राजी असतात व लग्न मोडलें म्हणजे खोटी फिर्याद करितात, असें मुलांचे बाप म्हणतात. असें कधींच होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. कायद्यानेंही ह्याचा विचार केला आहे. २०१९ सालीं महाराष्ट्रांतून सुप्रीम कोर्टापुढें गेलेल्या एका प्रकरणीं दोघांची ओळख पुष्कळ वर्षांची होती. लग्नाचें वचन होतें. पुढें पुरुषानें जातीच्या अडचणीची सबब पुढें केली व लग्न झालें नाहीं. कोर्टानें फिर्याद रद्द केली. वचन देतेवेळींच तें पाळावयाचें मनांत नसेल, व त्या खोट्या वचनावरच स्त्रीनें संमति दिली असेल, तर ती संमति फसवणुकीची. परंतु वचन खरेपणानें देऊन पुढें पाळलें गेलें नाहीं तर ती गोष्ट निराळी, असा भेद त्यानें केला. २०२४ पासूनच्या संहितेंत ६९ वें कलम आहे: पाळावयाचा हेतु नसतां लग्नाचें वचन देऊन संबंध ठेवणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊं शकते. भेद योग्य आहे असें आम्हांस वाटतें. तथापि कोर्टांत सुटलेला माणूस नीतीनेंही सुटला असें नाहीं. प्रेम करितांना जी जात आठवली नाहीं ती लग्नाच्या वेळींच आठवावी, आणि ती बहुतकरून मुलाच्या आईबापांनाच आठवावी, हा प्रकार आमच्या मंडळींतही आहे. एकाच देवळांत बसणारीं दोन घराणीं सोयरिकीच्या वेळीं जुन्या वाड्यांचीं नांवें काढितात. अशा घरच्या मुलानें वचन देण्यापूर्वीं आपल्या अंगीं तें पाळण्याचें धैर्य आहे काय, हें पाहावें.

आतां वयाचा प्रश्न. आणि येथें विचार कठीण होतो. अठरा वर्षांच्या आंतील मुलाच्या किंवा मुलीच्या होकारास कायदा होकार मानीतच नाहीं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें हें ठरविलें. सतरा वर्षांची मुलगी आपल्या खुशीनें एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर निघून गेली, तरी मुलावर खटला होतो व तो तुरुंगांत जातो. पोर वाईट नसेल, दोघांचें मन खरें असेल, तरी हें होतें. हा कायदा अशा जोडप्यांस कठोर आहे, असें म्हणणारे न्यायाधीशही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. परंतु वयाची रेषा कोठें तरी ओढावीच लागते. ती पुसली तर चाळीस वर्षांचा गृहस्थही तेरा वर्षांच्या पोरीच्या ‘खुशीची’ साक्ष काढूं लागेल. म्हणून मुलांस आम्ही स्पष्ट सांगतों: मुलगी अठरा वर्षांची नसेल तर तिचें ‘होय’ तुम्हांस कोर्टांत वांचविणार नाहीं. थांबावें.

परंतु बापांसही एक गोष्ट सांगावयाची आहे. सतरा वर्षांच्या मुलीनें स्वतः नवरा निवडला म्हणजे ‘ती अज्ञान आहे, तिला काय कळतें’ म्हणून जो बाप पोलिसांत धांव घेतो, तोच बाप तिच्या धाकट्या बहिणीचें सोळाव्या वर्षीं लग्न लावावयास निघतो. तेव्हां मात्र ती शहाणी होते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें बावीस जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें आढळलें. मराठवाड्यांतील पुष्कळ जिल्ह्यांत हें प्रमाण त्याहूनही मोठें आहे. आईबाप ऊसतोडीस निघतात, वयांत आलेली मुलगी घरीं कोणाच्या भरंवशावर ठेवावी ही त्यांची चिंता खरी असते. आम्ही तिची थट्टा करीत नाहीं. परंतु २०१७ सालीं सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, अठराच्या आंतील पत्नीशीं संबंध ठेवणारा नवराही गुन्हेगारच होय, आणि नव्या संहितेनें तेंच कायम केलें आहे. जिला संरक्षण म्हणून लग्नांत ढकलिलें, तिच्या नवऱ्यासही आपण तुरुंगाच्या वाटेस लाविलें, हें त्या बापास कोणी सांगत नाहीं. असें लग्न लावणाऱ्यास, मग तो पाळक असो कीं भटजी कीं काजी, २००६ च्या कायद्याप्रमाणें दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

लग्नानें संमतीचा प्रश्न मिटतो काय, हा वाद नवा नाहीं. मुंबईच्या रखमाबाईंचें लग्न त्या अकरा वर्षांच्या असतां दादाजी भिकाजी ह्यांच्याशीं लागलें होतें. त्या नांदावयास गेल्या नाहींत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्या घरीं राहून वाचूं लिहूं लागल्या. १८८४ सालीं नवऱ्यानें बायको नांदावयास यावी म्हणून हायकोर्टांत दावा लाविला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे ह्यांनीं, जी कधीं नांदलीच नाहीं व जिची इच्छा नाहीं तिला जबरीनें धाडणें योग्य नव्हे, ह्या मताचा निकाल दिला. अपिलांत तो फिरला, आणि ता. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं हुकूम केला कीं, नवऱ्याकडे जावें, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जावें. रखमाबाईंनीं आपण तुरुंग पत्करूं असें कळविलें. देशभर गदारोळ उठला. टिळकांचा ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरुद्ध होता. १८८८ सालीं दादाजींनीं दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला, तेव्हां प्रकरण मिटलें. रखमाबाई लंडनास जाऊन डॉक्टर झाल्या व पुढें सुरत आणि राजकोट येथें त्यांनीं स्त्रियांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षें काम केलें. १८९१ सालीं सरकारनें संमतीचें वय दहावरून बारा केलें, त्यालाही असाच विरोध झाला. जालना तेव्हां निजामाच्या मुलखांत होतें. तेथें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप चालत नसत.

त्या गोष्टीस सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं, तरी अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतींत नवऱ्यास दंडविधानांत अजून अपवाद आहे. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीं दाद मागतां येते. परंतु बलात्काराचा गुन्हा लागत नाहीं. २०२२ सालीं दिल्ली हायकोर्टाच्या दोघां न्यायमूर्तींत ह्यावर मतभेद झाला. आमचें मत विचाराल तर, देवळांत जिला एकदां विचारावें लागलें तिला घरीं कधींच विचारावें लागूं नये, ह्याचें समर्थन आम्हांस सांपडत नाहीं. दिवसभर सोंगणी करून आलेल्या, आजारी असलेल्या, किंवा नवरा दारू पिऊन आला म्हणून भ्यालेल्या बायकोचें भिंतीकडे तोंड करून गप्प पडणें, हेंही मौनच आहे.

राहतां राहिलें उपदेशकांचें काम. असें प्रकरण खेड्यांत झालें म्हणजे पहिला विचार निघतो तो मिटविण्याचा. पंच बसतात, कांहीं रक्कम ठरते, किंवा मुलीचें लग्न त्याच माणसाशीं लावून द्यावें असें सुचविलें जातें, आणि कागदावर सही करण्यास मास्तरांस बोलावितात. ज्यानें तिला विचारिलें नाहीं त्याच्याच घरीं तिला जन्मभर राहावयास पाठविणें, ह्यास भरपाई म्हणणें विचित्र आहे. पुढील लग्नानें मागील रात्रीची संमति उत्पन्न होत नाहीं. सुप्रीम कोर्टानें २०२१ सालीं खालच्या न्यायाधीशांसही बजाविलें आहे कीं, अशा प्रकरणीं तडजोड किंवा लग्न सुचवूं नये. जें न्यायाधीशांस वर्ज्य तें पंचांस मोकळें कसें? मुलगी किंवा मुलगा अठराच्या आंत असेल तर, ज्यास गोष्ट कळली त्या प्रत्येकानें ती पोलिसांस कळविलीच पाहिजे, असा पॉक्सोचा नियम आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. ह्यांतून उपदेशक सुटत नाहीं. त्या कागदावर त्यानें सही करूं नये.

मुलीशीं बोलावयाचें तें शक्य तर उपदेशकाच्या पत्नीनें किंवा मंडळींतील एखाद्या वडीलधाऱ्या बाईनें बोलावें, आणि तिची हकीकत एकदांच ऐकून घ्यावी. दहा जणांपुढें दहा वेळां वदवूं नये. ‘ओरडलीस कां नाहींस?’ ‘गेलीस कशाला?’ हे प्रश्न विचारूं नयेत. तिनें अंगावरचे कपडे धुतले नसतील तर ते तसेच कागदांत गुंडाळून ठेवावे, प्लॅस्टिकच्या पिशवींत नको. कोणत्याही ठाण्यांत फिर्याद घ्यावी लागते, हद्दीची सबब चालत नाहीं. तिची जबानी स्त्री अधिकाऱ्यानें घ्यावयाची असते. आणि सरकारी असो कीं खासगी, कोणतेंही रुग्णालय तिला फुकट उपचार नाकारूं शकत नाहीं. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ व पोलिसांसाठीं ११२ हे आंकडे मोबाईलवरून फुकट लागतात. ते देवळाच्या दाराजवळ, स्त्रिया बसतात त्या बाजूस, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.